पेवातली माणसं

फरशी उचलली तेव्हा आधी वास वर आला. ओल्या मातीचा, जुन्या सागवानाचा, आणि त्यांच्या मागून कुठूनतरी रॉकेलचा. जवळजवळ पन्नास वर्षं बंद असलेल्या जागेत वास कसा शिल्लक राहतो, कोण जाणे. मी हाजराचाचींच्या सोप्यात तिथंच जमिनीवर बसले.

सोप्याची फरशी बदलायची म्हणून चाचींचा नातू इरफान गवंडी घेऊन आला होता. कोपऱ्यातली एक शहाबादी पोकळ वाजली. खाली पेव निघालं. फार पूर्वी या घरात हळदीचा आणि धान्याचा एक व्यापारी राहायचा, त्यानं माल साठवायला जमिनीत खणून घेतलेलं. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि खाली रांजणासारखं मोठं पोट. इरफानला हे काय आहे ते ठाऊक नव्हतं. चाचींनी त्याला सांगितलं, "समोरच्या माडीवर पोस्टातले अण्णा राहायचे, त्यांच्या लेकीला फोन लाव. तिला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. म्हणूनच तर मी त्या गल्लीत इतकी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. लग्नानंतर मी सांगलीला राहिले, नोकरी केली, निवृत्त झाल्यावर पुन्हा कोल्हापुरात आले, आणि तरीही या गल्लीला वळसा घालून जात राहिले. बाजारातून येताना हा रस्ता जवळचा पडायचा. मी लांबचा घ्यायचे.

"मी उतरते खाली," मी म्हणाले.

"आधी कंदील सोड," चाची म्हणाल्या. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण हे वाक्य त्यांनी अगदी पूर्वीच्याच सुरात म्हटलं. पेवात कोंडलेली हवा वाईट. कंदील खाली जाऊन जळत राहिला, तरच माणसानं उतरायचं. इरफाननं हसत हसत मोबाईलची बॅटरी दाखवली. चाचींनी कंदीलच मागवला.

कंदील जळत राहिला. मी शिडीच्या सहा पायऱ्या उतरले आणि उभी राहिले.

आत काही नव्हतं. भिंतीत कोरलेले कोनाडे होते, रिकामे. जमिनीवर लाकडाचा भुसा, आता मातीच झालेला. एका खुंटीला लाकडी पट्टी अडकवलेली. बस्स. ती सगळी माणसं गेली होती, आणि त्यांना कुणी घालवलं ते मला ठाऊक होतं.

*

हाजराचाचींचे नवरे दस्तगीरचाचा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची, तर आधी ती लाकडात घडवावी लागते. ते लाकूड वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, आणि वाळूत जो पोकळ आकार राहतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पंपांची अंगं, चाकं, चरकाचे दात, असलं सगळं चाचांच्या हातून आधी सागवानात जन्माला यायचं. गल्ली त्यांना दस्तगीर मिस्त्री म्हणायची. फौंड्रीतून घरी आले की ते हातपाय धुवायचे, चाचींनी दिलेला चहा अर्धा प्यायचे आणि फरशी बाजूला करून पेवात उतरायचे. उरलेला अर्धा चहा चाची नंतर टोपलीत ठेवून दोरीनं खाली सोडायच्या.

खाली ते माणसांची डोकी करायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा खाली गेले. उन्हाळा होता. वर फरशी तापलेली, पत्र्यावर ठेवलेल्या सांडग्यांचा वास, आणि खाली इतका गारवा की अंगावर शहारा आला. चाचांनी मला एका उपड्या खोक्यावर बसवलं आणि पुन्हा कामाला लागले. पटाशी लाकडावरून फिरली की एक बारीक सुर्र असा आवाज यायचा आणि वळलेला छिलका गळून पडायचा. ते छिलके मी गोळा करायचे, नाकाशी धरायचे. सागाचा वास थोडा तिखट असतो, थोडा कातड्यासारखा. आजही सुताराच्या दुकानावरून जाताना माझी पावलं आपोआप हळू होतात.

वरची गल्ली खाली पेवात वेगळीच ऐकू यायची. माणसांची बोलणी पोचत नसत. फक्त पावलं. "ही कोण?" चाचा विचारायचे. मी म्हणायचे, "म्हशी." गिऱ्हाइकांसमोर धार काढून देतात त्या दूधकट्ट्याकडे निघालेल्या म्हशींचे खूर डोक्यावरून धपधप करत जायचे, आणि त्यांच्या मागे अनवाणी, टाच आपटत चालणाऱ्या अक्काताई. अक्काताई म्हणजे आमच्या गल्लीची दूधवाली. पन्नाशीची, धिप्पाड, आवाज असा की कट्ट्यावर बोलल्या तर आमच्या माडीवर ऐकू यायचं. त्यांची पावलं गेली की चाचा हातातलं काम थांबवून कान द्यायचे. तेव्हा ते अक्काताईंचंच डोकं करत होते.

ते कुणालाही समोर बसवत नसत. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर उभे राहायचे, माणसं बघायचे आणि घाईनं घरी यायचे. "तोंड सांडायच्या आत खाली गेलं पायजे," असं म्हणायचे. जणू भरलेला तांब्या घेऊन निघालेत.

कोनाड्यांत एकेक डोकं असायचं. मोठ्या नाकाचा तालमीतला वस्ताद. मान जरा तिरकी ठेवणारा शिंपी. फौंड्रीतला त्यांचा दोस्त बंडू, गालावर देवीचे व्रण, तेसुद्धा पटाशीच्या टोकानं एकेक टिपलेले. मला दोन गोष्टींचं फार नवल वाटायचं. एक म्हणजे चाचा ती डोकी उघडून दाखवायचे. प्रत्येक डोकं दोन भागांत केलेलं, कानांच्या रेषेत जोडलेलं, आत लाकडी खुंट्या. "बघ, वस्तादाच्या डोक्यात काय हाय?" म्हणून ते दोन्ही अर्धे वेगळे करायचे आणि मी हसत सुटायचे. दुसरं म्हणजे सगळ्यांचे कान. सगळ्यांचे कान डोक्याला चिकटलेले होते.

"चाचा, अक्काताईंचे कान असे कुठं आहेत? त्यांचे तर सुपासारखे आहेत."

"सुपासारखे केले तर निघायचे न्हाईत गं."

"कुठून?"

चाचा नुसते हसले. मी त्या उत्तराचा विचार केला नाही.

माझं डोकं करा, असा मी हट्ट धरला होता. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी धरली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. "पोरांचं तोंड रोज हालतंय. थांबलं की करू. सोळा-सतरा वर्साची झालीस की ये."

त्या दिवसांचं वर्ष मला सांगता येत नाही, ऋतू सांगता येतात. मोहरमात चाचींनी केलेले चोंगे, गुळाचे, खसखस लावलेले, आईच्या ताटाखाली झाकून आलेले. दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे गेलेली कडबोळी. गळिताच्या दिवसांत साऱ्या गावावर पसरलेला उसाच्या रसाचा उकळता वास, तो पेवातही उतरायचा आणि चाचा म्हणायचे, आज लाकूड गोड लागतंय. ते हे सगळं जमिनीखाली का करत होते? कुणाला का दाखवत नव्हते? तेव्हा मी विचारलं नाही. पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिताना बऱ्याच जणांना विचारलं आणि प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. मी पुस्तकात त्यातलं एकही घातलं नाही.

*

पाचवीत असताना आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी वर्गात विचारलं, "तुमच्या गल्लीत कुणी कलावंत आहे का?" कुणी सांगितलं, आमच्या इथे गणपती करतात. कुणी सांगितलं, माझे मामा पाट्या रंगवतात. मी हात वर केला आणि म्हणाले, "आमच्या गल्लीत दस्तगीर मिस्त्री जमिनीखाली माणसं करतात."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना चाचांच्या दारापर्यंत नेलं, "हे घर" म्हणून दाखवलं आणि पळून माडीवर गेले. आपण काहीतरी मोठं काम केलं अशा आनंदात मी त्या दिवशी जेवले.

वर्गातल्या पोरींनी आपापल्या घरी सांगितलं होतं. सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. आधी लोक गंमत म्हणून आले. माझं हाय का, माझं हाय का, विचारत पेवात डोकावले. मग कुणीतरी म्हणालं की जित्या माणसाला असं जमिनीखाली ठेवणं बरं नव्हे. जमिनीखाली कुणाला ठेवतात? त्यातच मंगळवारी अक्काताई कट्ट्यावर शेणावरून घसरल्या आणि त्यांचा हात मोडला. मग बोलण्यातली गंमत संपली. मी माडीच्या गजांतून बघत होते. चाचांच्या दारात दहा-बारा माणसं उभी होती, मोठमोठ्यानं बोलत होती. चाचा उंबऱ्यात उभे होते, हात मागे बांधून, खाली बघत. वस्तादाचा मुलगा म्हणत होता, "कुणाला इचारून केलं आमच्या बाबाचं डोकं?"

शुक्रवारी सकाळी आईनं मला चाचींकडे विरजण आणायला पाठवलं. चाची परसात बंबाशी बसल्या होत्या. तांब्याचा बंब धडधडत होता. मी जवळ गेले आणि आत बघितलं.

जाळात अक्काताई होत्या. अर्धा चेहरा, कानापासून पुढचा. कान पेटला होता. सागवान जळताना निळसर ज्योत धरतं, ती त्या कानाच्या कडेनं फिरत होती. बाजूला परसात बाकीची डोकी रचून ठेवली होती, सरपणासारखी.

चाचींनी मला बघितलं. त्यांचे डोळे धुरानं लाल झालेले. "आत्ता जा. नंतर ये," त्या म्हणाल्या.

मी नंतर गेलेच नाही. वाटी तिथंच राहिली. आईला सांगितलं, विरजण नाही म्हणाल्या. त्याच आठवड्यात आईनं मला महिनाभर आजोळी पाठवलं, आणि परतल्यावर कुणी मिस्त्रींचं नाव काढलं की मी तिथून उठून जायचे. पुढच्याच वर्षी अण्णांची बदली झाली आणि आम्ही गल्ली सोडली. निघताना चाचा सामान चढवायला आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान वर केली नाही.

*

निवृत्तीनंतर मी गावातल्या कारागिरांवर लिहायला लागले होते. हुपरीचे चांदीकाम करणारे, चपला शिवणारी एक आजी, तालमीत तांबडी माती मळणारा एक पैलवान. रविवारच्या अंकात छापून यायचं. लोक म्हणायचे, कुठून शोधून काढता ही माणसं. जिला एक माणूस न शोधताच ठाऊक होता, आणि जी त्याच्याबद्दल एक अक्षर लिहीत नव्हती, तिला हे ऐकायला बरं वाटत नसे. चाचा गेल्याचं मी वर्तमानपत्रातल्या दोन ओळींत वाचलं. तेव्हाही गेले नाही.

त्या दिवशी पेवातून वर आले तेव्हा चाचींनी माझे हात आपल्या हातांत घेतले, चाचपले. "सगळ्यांवर लिवतीस म्हणं. इरफान वाचून दाखवतो. ह्यांच्यावर न्हाई लिवलंस."

"लिहिते, चाची."

बोलून तर बसले. पण लिहायचं कशावर? चाचांचं एकही काम शिल्लक नव्हतं. फोटो नव्हते. गावातल्या कलावंतांच्या कुठल्याच यादीत त्यांचं नाव नव्हतं. सोप्यात बसून मी चाचींकडून त्यांचं लहानपण, त्यांचं फौंड्रीतलं काम लिहून घेत होते, आणि पंधरा पानं झाल्यावर त्या शुक्रवारापाशी येऊन माझी लेखणी थांबायची. मी पुन्हा पहिल्या पानावर जायचे. चाचींना त्या दिवसाबद्दल विचारायची हिंमत होत नव्हती. त्याही काही काढत नव्हत्या.

पेवातली ती लाकडी पट्टी मी घरी आणली होती. एकदा टेबलावर माझ्या पट्टीशेजारी ठेवली, तर दोन्हींवरचे इंच जुळेनात. चाचांचा फूट माझ्या फुटापेक्षा किंचित मोठा होता. जुनी पट्टी, चुकीची असेल, म्हणून मी सोडून देणार होते. पण चाचांच्या हातची वस्तू चुकीची असेल हे मनाला पटेना.

इरफाननं बंडूतात्यांचा पत्ता काढून दिला. गालावर देवीचे व्रण असलेला तो फौंड्रीतला दोस्त. चाचांपेक्षा बराच लहान, साचे भरणारा आणि लोखंड ओतणारा कामगार. आता सत्तरी ओलांडलेले, कागलजवळच्या एका खेड्यात मुलाकडे राहतात. मी गेले तेव्हा ते अंगणात शेंगा फोडत बसले होते.

"या पावणं, बसा," म्हणाले. मी पट्टी पुढे केली तशी त्यांनी ती ओळखली. बोट फिरवलं.

"मिस्त्रीची."

"तात्या, ही चुकीची आहे का? हिचा फूट मोठा आहे."

"चुकीची कशी असंल? पॅटर्नवाल्याची पट्टी अशीच असती की. लोखंड थंड झालं की आकसतंय. म्हणून पॅटर्न आधीच वाईच मोठा करायचा. पॅटर्नवाले ह्या पट्टीवरच मोठं मापून घेत्यात."

"ही पेवात होती, तात्या. डोकी करायचे तिथं."

"मग?"

"डोक्यांना ही पट्टी कशाला?"

तात्यांनी शेंग फोडायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मला काही कळतं की नाही, असं बघितलं.

"कशाला म्हंजी? ओतायला की."

अंगणात कोंबडी टिपत होती, तिच्या चोचीचा टकटक आवाज येत होता. दोन भागांत केलेली डोकी. आतल्या लाकडी खुंट्या. चिकटलेले कान, नाहीतर निघायचे नाहीत. वाळूतून निघायचे नाहीत. माझ्यासमोर तीन वर्षं रोज मांडून ठेवलेलं होतं ते सगळं.

"ओतली होती?"

"मीच ओतलीत. अकराच्या अकरा. शेवटचं लोखंड उरायचं भट्टीत, ते न्हायतर खड्ड्यातच टाकायचं. मालकाला ठावं होतं, तो हसायचा. आतनं पोकळ ठेवून ओतलीत, तरी दहा-बारा किलोचं एकेक भरतंय."

"पण चाचांनी ती जाळली. मी बघितलंय. बंबात."

"लाकडं जाळली असतील. मग काय करायची? एकदा ओतून झालं की पॅटर्नचा उपेग काय?" तात्या आता हसायला लागले. "माणूस म्हंजी काय पंप हाय व्हय, एकाची धा ओतायला?"

मी पदर तोंडाला लावला. तात्या घाबरले, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी हातानंच नको म्हणाले. मग त्यांनी उठून दाराकडे बोट दाखवलं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली काहीतरी काळं ठेवलं होतं. मी जवळ जाऊन वाकले. पंचविशीतला बंडू दाराला टेकून बघत होता, गालावर प्रत्येक व्रण जिथल्या तिथं.

"नातवंडं त्याच्यावर बसून खेळत्यात," तात्या म्हणाले. "नाक जरा झिजलंय."

*

पुढचे चार महिने मी डोकी शोधत हिंडले. अकरांपैकी सात सापडली. वस्तादाचं तालमीच्या देवळीत, शेंदरानं माखलेलं. पोरं त्याला मारुतीच समजून पाया पडतात. शिंप्याचं आजऱ्याला, एका काजूच्या कारखान्यात ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेलं. ते कुणाचं आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मी शिंप्याचं नाव सांगितल्यावर मालकिणीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि ते आत कपाटावर ठेवलं. दोन पुरात गेली. दोघांचा पत्ताच लागला नाही.

अक्काताईंचं सगळ्यात शेवटी सापडलं. त्यांचा मुलगा म्हशी घेऊन नृसिंहवाडीच्या वाटेवरच्या एका गावी राहायला गेला होता. मी गेले तेव्हा सून धारा काढून उठत होती. मी नाव काढताच ती म्हणाली, "सासूबाई व्हय? या की आत," आणि मला गोठ्यात घेऊन गेली.

भिंतीत देवळी होती. त्यात अक्काताई होत्या. रुंद कपाळ, दबलेलं नाक, ओरडायच्या आधी उघडावं तसं जरासं उघडलेलं तोंड. चंदेरी रंग दिलेला, कपाळावर लाल पट्टा.

"पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतो न्हवं, तवा ह्यांनाबी एक हात मारतो," सून म्हणाली. "त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणायच्या, मी मेलो तरी म्हशींनी मला बघितलं पायजे, न्हायतर दूध चोरतील."

"त्यांच्याकडे हे आलं कसं?"

"सोता जाऊन आणलं. हात मोडलेला, गळ्यात बांधलेला. मिस्त्रीच्या दारात जाऊन म्हणाल्या, माझंच डोस्कं हाय न्हवं? मग मी नेतो. फौंड्रीतनं बैलगाडीत घालून आणलं. गल्लीतनं मिरवत. मग कुणाची बोलायची छाती झाली न्हाई. बाकीच्यांनीबी मग आपापलं मागून नेलं."

मी हात वर करून अक्काताईंच्या कानाला हात लावला. रंगाचे इतके थर होते की कान गुळगुळीत झाला होता. थंड होता. मागून एक म्हैस फुरफुरली, आणि मला हसू आलं. हसू येऊन थांबेना. सूनही हसायला लागली, का ते तिला माहीत नव्हतं.

*

त्या आठवड्यात मी शुक्रवारचं प्रकरण लिहिलं. मी वर्गात हात वर केला इथपासून सगळं लिहिलं, आणि ते घेऊन दुपारची चाचींकडे गेले. सोप्याला नवी फरशी बसली होती. पेवाच्या तोंडाशी इरफाननं झाकण करून घेतलं होतं, उघडता येईल असं. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून. मी वाचलं. संपल्यावर मीच विचारलं.

"चाची, मी सांगितलं हे चाचांना माहीत होतं?"

"म्हाईत असणारच की. मास्तर दारात येऊन म्हणाला, तुमच्या शेजारच्या मुलीनं सांगितलं."

"मग त्यांनी पेव बंद केलं ते..."

"गुडघे गेलते त्यांचे. शिडी उतरवंना." चाची खोटं बोलणाऱ्या नव्हेत, म्हणून पुढचंही त्यांनी सांगितलं. "त्या चार-आठ दिवसांत तरास झाला बेटा. न्हाई म्हणत न्हाई. जेवले न्हाईत दोन दिवस. गल्लीनं दारात येऊन बोलावं, असं कधी झालं नव्हतं. अक्काताई आली, मग निवळलं सगळं. पन काम काय थांबलं न्हाई. मग लाकडाचे पक्षी करायचे, सोप्यात बसून. पोरांना वाटून टाकले."

"मग मी लिहिलंय ते काढू?"

"काढू नको. झालंय ते राहू दे. पन त्याच्याफुडं एक लिव्ह."

मी पेन काढलं.

"मास्तर आला न्हवं शनिवारी, तो खाली उतरला. दोन घंटे खालीच. मी वरनं चहा सोडला टोपलीत, दोन कप. वर आला तवा कपडे सगळे भुश्यानं भरलेले. दारात उभा राहून ह्यांना म्हणाला, मिस्त्री, तुम्ही कुठं शिकलात?" चाची हसल्या. तोंडात दोनच दात उरलेत त्यांच्या. "आयुष्यात कुणी इचारलं नव्हतं असं. सांगितलं, कुठंच न्हाई. तर मास्तर पाया पडला. वयानं मोठा मानूस, ह्यांच्या पाया पडला. मरेपतोर सांगायचे मला. जेवताना मधीच थांबून म्हणायचे, हाजरा, मास्तरनं इचारलं, कुठं शिकलात."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

"तू आणलंस त्याला," चाची म्हणाल्या. "हे म्हणायचे, पोरगी आली की तिला सांगायचंय. तू आलीच न्हाईस."

त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. नुसतं सांगितलं. मी वही मिटली. त्यांच्या पायांवर हात ठेवून बसून राहिले. पाय खरखरीत होते, गार होते. बाहेर कुणीतरी कल्हईवाला की भंगारवाला ओरडत गेला. चाचींनी बाजूची उशी ओढून माझ्याकडे सरकवली.

"दमलीस. पड जरा."

मी नवीन फरशीवर आडवी झाले. इतक्या वर्षांत दुपारी मी कधी झोपत नाही, झोप येत नाही. त्या दिवशी डोळा कधी लागला कळलं नाही. मध्ये कधीतरी अर्धवट जाग आली. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. अंगावर कुणीतरी जुनेर घातलं होतं. शेजारची कुणी बाई दारात येऊन मोठ्यानं काहीतरी मागत होती, आणि चाची तिला दबक्या आवाजात सांगत होत्या, "हळू बोल गं. पोरगी निजलीय."